नारिंगी कस्तूर ओळखताना: नवख्या पक्षिनिरीक्षकांसाठी मार्गदर्शक

सह्याद्रीतल्या सावलीच्या वाटेवर, पालापाचोळ्यात खुडबुड करणारा, नारिंगी डोक्याचा आणि निळसर राखाडी पाठीचा पक्षी दिसला, तर तो बहुतेक वेळा नारिंगी डोक्याचा कस्तूर असतो. त्याचे शास्त्रीय नाव जिओकिचला सिट्रिना आहे. जॉन लॅथम यांनी १७९० साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. जुन्या पुस्तकांत त्याची नोंद आधी टर्डस आणि पुढे झूथेरा या प्रजातींखाली सापडते, त्यामुळे वेगवेगळ्या याद्या ताडून पाहताना नवख्या माणसाचा गोंधळ होतो. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण चीन, थायलंड, बोर्निओ, जावा आणि बालीपर्यंत हा पक्षी पसरलेला आहे. एवढ्या प्रदेशात त्याच्या सुमारे बारा उपजाती मानल्या जातात आणि त्यांपैकी काही इतक्या वेगळ्या दिसतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते दोन स्वतंत्र पक्षी वाटावेत.

हा लेख दोन गोष्टींसाठी आहे: पक्षी नारिंगी कस्तूरच आहे याची खात्री कशी करावी आणि मग तो कोणत्या प्रदेशातल्या प्रकाराचा आहे हे कसे ठरवावे. नवखे लोक दुसऱ्या कामात एक सोपी वाट धरतात. महाराष्ट्रात दिसला म्हणजे दक्षिणेचा, हिमालयात दिसला म्हणजे उत्तरेचा, असे जागेवरून ठरवून ते मोकळे होतात. ही सवय सुरुवातीलाच मोडावी असे मला मनापासून वाटते, कारण हिवाळ्यात उत्तरेचे पक्षी दक्षिणेत उतरतात आणि जागेवरून नाव देणाऱ्याच्या वहीत त्यांची नोंद कधीच होत नाही. आधी पिसे पाहावीत, ठिकाणाचा विचार नंतर करावा.

पहिली पायरी: योग्य जागी आणि योग्य वेळी शोधणे

हा जमिनीवर चरणारा पक्षी आहे. त्याला दाट सावली, ओलावा आणि कुजत चाललेला पाचोळा लागतो. ओढ्याकाठची झाडी, बांबूची बेटे, कारवीखालची मोकळी जमीन, दरीतल्या आंब्या-उंबरांखालचा गारवा, जुन्या बागांचे दुर्लक्षित कोपरे, अशा जागा त्याच्या असतात. कर्नाळा अभयारण्य, मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सिंहगडाच्या पायथ्याची दरी, ताम्हिणी, आंबोली आणि गोव्यातील बोंडला व मोले ही त्याला शोधण्यासाठी चांगली ठिकाणे आहेत. विदर्भातही ताडोब्यासारख्या जंगलांत, जिथे बांबू आणि पाणी जवळजवळ आहे, तिथे तो आढळतो. उघड्या माळावर किंवा कोरड्या खडकाळ उतारावर त्याला शोधण्यात वेळ घालवू नये.

पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या सर्वांत हालचालीच्या वेळा आहेत. सूर्य वर चढल्यावर तो झाडोऱ्यात आत सरकतो. उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, जंगलातल्या लहान पाणवठ्याजवळ दुपार कलल्यावर शांत बसून राहणे हा नवख्यांसाठी सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण पाणी प्यायला आणि अंघोळीला तो उघड्यावर येतो आणि काही मिनिटे तरी स्पष्ट दिसतो.

चालत शोधायचे असेल, तर डोळ्यांआधी कान वापरावेत. कोरडा पाला उलटण्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. सातभाईही पाला उलटतात, पण त्यांच्या थव्याचा कलकलाट लपत नाही. कस्तूर एकटा किंवा जोडीने असतो आणि चरताना बहुधा गप्प असतो. तो दोन-तीन उड्या मारतो, थबकतो, मान किंचित वाकडी करून जमिनीकडे पाहतो, मग चोचीने पानाची कड धरून ते बाजूला भिरकावतो आणि खालचा किडा किंवा गांडूळ उचलतो. ही लय एकदा डोळ्यांत बसली की मंद उजेडात, रंग दिसण्याआधीच, पक्षी ओळखीचा वाटू लागतो.

त्याच्या आणखी एका सवयीची माहिती असणे फार उपयोगी आहे. धोका जाणवला की तो उडून जाण्याऐवजी जागच्या जागी निश्चल उभा राहतो. पाल्याचा आवाज अचानक बंद झाला म्हणजे पक्षी गेला असे समजून लोक पुढे निघतात आणि मग तो पायाजवळून उडतो. आवाज थांबला की आपणही थांबावे, दुर्बीण हळूहळू डोळ्यांना लावावी आणि आवाजाच्या जागेपासून जमिनीलगत बारकाईने पाहत जावे. आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण सावलीच्या जंगलात दहा पटीच्या दुर्बिणीपेक्षा सोयीची पडते, कारण तिच्यातून उजेड अधिक मिळतो आणि जवळच्या झुडपांतली हालचाल निसटत नाही.

दुसरी पायरी: पक्षी नारिंगी कस्तूरच आहे ना?

आकार बुलबुलापेक्षा थोडा मोठा आणि अंगाने भरलेला, साळुंकीपेक्षा किंचित लहान असतो. चोचीपासून शेपटीपर्यंतची लांबी साधारण २१ ते २३ सेंटिमीटर भरते. डोके, मान आणि पोटाकडचा भाग नारिंगी. पाठ, पंख आणि शेपटी निळसर राखाडी. पोटाचा मागचा भाग आणि शेपटीखालची पिसे पांढरी. चोच गडद राखाडी, डोळा मोठा आणि काळसर. शेपटी मध्यम लांबीची असते आणि ती सतत वरखाली हलत नाही.

नर आणि मादी यांतला फरक पाठीवर पाहावा. नराची पाठ स्वच्छ निळसर राखाडी असते. मादीची पाठ तपकिरी किंवा हिरवट छटेची राखाडी दिसते, पंख उबदार तपकिरी असतात आणि एकूण नारिंगी रंग थोडा मंद असतो. पिल्लाच्या पाठीवर फिकट पिवळसर रेघा असतात, अंगाचा रंग मळकट तपकिरी असतो आणि डोक्यावर व चेहऱ्यावर तांबूस झाक असते. पावसाळा संपताना असे पिल्लू दिसले, तर उपजात ठरवण्याची घाई करू नये.

आपल्याकडच्या जंगलांत काही पक्ष्यांशी त्याची गल्लत होते. हिवाळ्यात सह्याद्रीत येणारा निळ्या टोपीचा शैलकस्तूर ही सर्वांत सहज होणारी चूक आहे, कारण त्याच्या नराचेही पोट नारिंगी असते आणि पंखावर पांढरा डाग असतो. पण त्याचा माथा आणि गळा निळा असतो, डोळ्यावरून काळा पट्टा जातो आणि कंबर नारिंगी असते. नारिंगी कस्तुरात हे नेमके उलटे असते: डोके नारिंगी, कंबर निळसर राखाडी. शिवाय शैलकस्तूर बराच वेळ झाडाच्या फांदीवर बसून असतो. नवरंगही पाल्यात चरतो आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच जागांत दिसतो, पण त्याची पाठ हिरवी, शेपटी अगदी आखूड, डोळ्यावरचा पट्टा काळा आणि शेपटीखालचा भाग लालभडक असतो. शीळकरी कस्तूर आकाराने बराच मोठा आणि गडद निळा-काळा असल्याने त्याची शंका येण्याचे कारण नाही.

उडताना दिसला, तर पंखाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या आणि गडद रंगाचे ठळक पट्टे चमकतात. क्षणभरच दिसणारी ही खूण जमिनीवर चरणाऱ्या कस्तुरांच्या या गटाची आहे.

तिसरी पायरी: चेहरा, मग पंख, मग रंगाची छटा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उपजात ठरवताना खुणा एका ठराविक क्रमाने पाहाव्यात, कारण पक्षी किती वेळ दिसेल याचा भरवसा नसतो आणि सर्वांत महत्त्वाची खूण सर्वांत आधी पदरात पडली पाहिजे.

पहिली नजर गालावर आणि गळ्यावर टाकावी. भारतीय द्वीपकल्पात राहणाऱ्या सायनोटा या उपजातीचा चेहरा आणि गळा पांढरा असतो आणि त्या पांढऱ्यावर दोन गडद उभे पट्टे असतात. एक पट्टा डोळ्याखालून सरळ खाली उतरतो, दुसरा त्याच्या मागे, कानाच्या मागच्या भागावर असतो. जवळून पाहिले तर काजळ गालावर ओघळल्यासारखे ते दिसतात. माथा आणि मान मात्र नारिंगीच असतात, त्यामुळे बाजूने पाहताना नारिंगी टोपीखाली पांढरा चेहरा आणि त्यावर हे दोन पट्टे अशी स्पष्ट रचना दिसते. या उपजातीचे वर्णन जार्डिन आणि सेल्बी यांनी १८२८ साली केले. जुन्या भारतीय पुस्तकांत हिलाच ‘व्हाइट-थ्रोटेड ग्राउंड थ्रश’ म्हटलेले आहे आणि काही मराठी याद्यांतही ‘पांढऱ्या गळ्याचा कस्तूर’ असे नाव दिसते. ते नाव वाचून निराळा पक्षी शोधत बसू नये.

हिमालयाच्या पायथ्याला वीण करणाऱ्या सिट्रिना या मूळ उपजातीच्या चेहऱ्यावर हे काहीच नसते. तिचे डोके, गाल, गळा आणि छाती सलग नारिंगी असतात. पाकिस्तानातील मारगल्ला टेकड्यांपासून उत्तराखंड, नेपाळ आणि आसामच्या डोंगरांपर्यंत ती पायथ्याच्या आणि कमी उंचीच्या जंगलांत वीण करते. उन्हाळ्यात नैनिताल, सातताल किंवा कॉर्बेटला जाणारे बरेच मराठी पर्यटक तिथे कस्तूर पाहून ‘आपल्याकडचाच’ म्हणतात. जात आपल्याकडचीच, पण चेहरा वेगळा. सिंहगडच्या दरीत काढलेला आणि साततालला काढलेला फोटो शेजारी ठेवून पाहिला, तर हा फरक एका नजरेत समजतो, आणि नवख्याने करावा असा याहून चांगला अभ्यास नाही.

दुसरी नजर पंखावर. पंखाच्या वरच्या भागातल्या मधल्या आच्छादक पिसांची टोके पांढरी असतील, तर मिटलेल्या पंखावर, खांद्याजवळ, एक पांढरा डाग किंवा आडवी पांढरी पट्टी दिसते. सिट्रिना आणि सायनोटा या दोन्हींत ती असते. म्हणून भारताच्या मुख्य भूमीवर पांढऱ्या डागावरून या दोघींत फरक करता येत नाही. तो फरक चेहऱ्यावरूनच करावा. पांढऱ्या डागाचे महत्त्व पूर्वेकडे वाढते. म्यानमार, थायलंड, लाओस आणि कंबोडियाकडे आढळणाऱ्या इनोटाटा या उपजातीच्या चेहऱ्यावर पट्टे नसतात आणि पंखावर पांढरेही नसते. तिचा नारिंगी रंग अधिक उजळ असतो. मात्र अंग फुगवून बसलेल्या पक्ष्याच्या खांद्यावरची पिसे डागावर येऊन तो झाकला जाऊ शकतो, म्हणून एका फोटोवरून ‘डाग नाही’ असा निष्कर्ष काढू नये. पक्ष्याने पंख हलवला, वळला किंवा अंघोळ करून पिसे साफ केली, की पुन्हा पाहावे.

रंगाच्या छटेला मी मुद्दाम शेवटची जागा देतो, कारण ती सर्वांत फसवी खूण आहे. दाट पानांतून गाळून येणारा हिरवट उजेड नारिंगी रंगाला मळकट करतो; उन्हाची एक तिरीप त्यालाच पेटवते. कॅमेऱ्यातली रंगांची आपोआप होणारी जुळवणी यात आणखी भर घालते. पश्चिम जावातील रुबेक्युला या उपजातीचा नारिंगी रंग अधिक गडद असतो हे खरे, पण असे फरक संग्रहालयातील नमुने शेजारी ठेवून पाहणाऱ्यांना जितके स्पष्ट दिसतात तितके जंगलात दिसत नाहीत. ‘फारच गडद होता’ एवढ्यावर उपजात बदलू नये.

भारताबाहेरच्या आणि बेटांवरच्या उपजाती

अंदमान आणि निकोबारमध्ये स्वतंत्र निवासी उपजाती आहेत, अंदमानात अंदमानेन्सिस आणि निकोबारात अल्बोग्युलॅरिस. पोर्ट ब्लेअरच्या सहलीत कस्तूर दिसला, तर चेहरा, गळा आणि पंख यांचे टिपण करून घ्यावे आणि मुख्य भूमीवरच्या पक्ष्याशी ते ताडून पाहावे.

दक्षिण चीनकडे चित्र पुन्हा पालटते. ग्वांगडोंगकडच्या मेली या उपजातीच्या चेहऱ्यावर पट्टे असतात आणि पंखावर पांढरे असते, म्हणजे ती आपल्या सायनोटाच्या जवळ जाते. हायनान आणि व्हिएतनामकडच्या ऑरिमॅक्युलाच्या चेहऱ्यावरही पट्ट्यांचा ठसा असतो. सिंगापूरमध्ये नारिंगी कस्तूर हिवाळी पाहुणा म्हणून येतो आणि तिथे येणारे पक्षी एकाच उपजातीचे असतील असे गृहीत धरता येत नाही; म्हणून तिथे किंवा हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या मराठी निरीक्षकांनी ‘पट्टे आहेत का’ आणि ‘पंखावर पांढरे आहे का’ ही दोन उत्तरे स्वतंत्रपणे लिहावीत. या दोन उत्तरांवर बहुतेक प्रश्न सुटतात. बोर्निओतील किनाबालू परिसरात ऑराटा आणि पूर्व जावा व बालीत ओरिएंटिस ही उपजात आहे. जावा आणि बालीत हा पक्षी ‘अनिस मेराह’ या नावाने पिंजऱ्यातला गायक म्हणून लोकप्रिय असून त्यासाठी त्याला रानातून फार मोठ्या प्रमाणावर पकडले जाते. इतका सुंदर गाणारा पक्षी त्याच्या गाण्यामुळेच पकडला जावा याचे दुःख वाटते. भारतात रानपक्षी पकडणे किंवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

चौथी पायरी: आवाज

आवाजावरून उपजात ठरवता येत नाही, पण पक्षी सापडतो. मे महिन्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत नर झाडावर, पानांआड बसून गातो. गाणे मोठे, स्वच्छ आणि गोड असते. लहान लहान ओळी, मध्ये विराम, आणि काही ओळींची पुनरावृत्ती. त्यात बुलबुल, सातभाई, शिंपी अशा पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल असते, त्यामुळे एकाच झाडातून एवढे पक्षी कसे बोलतात असा प्रश्न पडला, तर तिथे कस्तूर शोधावा. शामा हा रानपक्षीही उत्तम नकलाकार आहे, म्हणून गायक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद पक्की करू नये. एरवी ऐकू येतात ते मऊ ‘चक्’, घाबरल्यावरचा कर्कश ‘टीर-टीर-टीर्र’ आणि उडताना काढलेला बारीक ‘त्सी’.

गाणाऱ्या नराला जवळ आणण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवण्याची पद्धत फोफावली आहे. ती कृपया वापरू नये. वीण पावसात होते. काड्या, मुळे आणि शेवाळ वापरून नर-मादी दोघे मिळून फार उंच नसलेल्या फांदीवर, अनेकदा आंब्याच्या झाडावर, उथळ वाटीसारखे घरटे बांधतात. मादी बहुधा तीन-चार अंडी घालते. ती उबवायला १३-१४ दिवस आणि पिल्ले घरट्याबाहेर पडायला साधारण १२ दिवस लागतात. एवढ्या थोड्या काळात नर खोट्या प्रतिस्पर्ध्याला हुसकण्यात सकाळ घालवतो, तेव्हा पिल्लांच्या चाऱ्यातला तेवढा वेळ जातो. घरटे दिसले तर फोटोसाठी पाने बाजूला करू नयेत आणि जागा कोणाला कळवू नये.

पाचवी पायरी: नोंद

नाव लिहिण्याआधी वर्णन लिहावे. जागेवरच, पक्षी दिसेनासा झाल्याबरोबर, चार गोष्टी टिपाव्यात: गाल आणि गळा सलग नारिंगी की पांढरा व पट्टेदार, पंखावरचा पांढरा डाग दिसला, नाही दिसला की पाहता आला नाही, पाठ निळसर की तपकिरी, पाठीवर पिल्लाच्या रेघा होत्या का. ‘पाहता आला नाही’ हे उत्तर पूर्णपणे मान्य आहे आणि ते ‘नव्हता’पासून वेगळे लिहिणे फार गरजेचे आहे. त्याखाली तारीख, वेळ, ठिकाण, उजेड आणि पक्षी काय करत होता हे लिहावे. फोटो काढायचा असेल, तर पहिला प्रयत्न बाजूने चेहरा दिसेल असा करावा. समोरून काढलेल्या फोटोत छातीचा रंग छान येतो, पण गालावरचे पट्टे नीट कळत नाहीत. फ्लॅश वापरू नये.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात ऑक्टोबर ते मार्च या काळात दिसलेल्या प्रत्येक कस्तुराचा चेहरा विशेष काळजीने पाहावा. हिमालयातली सिट्रिना हिवाळ्यात दक्षिण भारतात आणि श्रीलंकेपर्यंत जाते. चेन्नईच्या झाडीभरल्या परिसरांत ती हिवाळ्यात नेमाने दिसते, आपल्या बाजूला मात्र ती क्वचितच आढळते. म्हणून सलग नारिंगी चेहऱ्याचा पक्षी आपल्याकडे दिसला, तर ती महत्त्वाची नोंद ठरते, आणि तिच्यासाठी पुरावा भक्कम हवा. गालावर पडलेली पानाची सावली पट्ट्यासारखी दिसू शकते, तशीच ओल्या, चिकटलेल्या पिसांत खरे पट्टे हरवूही शकतात. दोन्ही गाल पाहावेत, पक्षी उजेडात येईपर्यंत आपण थांबावे आणि शक्य असेल तर एकापेक्षा जास्त फोटो घ्यावेत.

ई-बर्डसारख्या नोंदप्रणालीत उपजातीचा गट निवडण्याची सोय असते. चेहरा स्पष्ट दिसला असेल तरच ती वापरावी आणि शेऱ्यात काय दिसले ते लिहावे. चेहरा दिसला नसेल, तर केवळ ‘नारिंगी डोक्याचा कस्तूर’ अशी जातीपुरती नोंद करावी.